दहा मिनिटांत किराणा देणाऱ्या कंपनीला गाळा भाड्याने द्यावा का?

मंजिरी_पौडरोड
नमस्कार मंडळी,
पौड रोडच्या आतल्या गल्लीत सासऱ्यांचं हार्डवेअरचं दुकान होतं. तब्येतीमुळे त्यांनी ते बंद केलंय. तळमजल्याचे दोन गाळे आणि मागचं गोडाऊन मिळून जेमतेम तीन हजार चौरस फूट जागा, वर तीन मजले फ्लॅट. नुकताच एक ब्रोकर क्विक कॉमर्स कंपनीसाठी विचारणा घेऊन आला. त्यांना डार्क स्टोअर करायचंय, म्हणजे गिऱ्हाईक आत येणार नाही, नुसता माल आणि डिलिव्हरीची मुलं. भाडं चालू दरापेक्षा चांगलंच जास्त सांगतात. त्या बदल्यात थ्री फेजचा वाढीव वीजभार आम्ही घेऊन द्यायचा, पुढची मोकळी जागा बाइकसाठी सोडायची आणि करार नऊ वर्षांचा. लॉक-इन, म्हणजे करार मधेच मोडता न येण्याची मुदत, आमच्यावर पूर्ण नऊ वर्षं, त्यांच्यावर फक्त पहिलं वर्ष.

घरात दोन तट पडलेत. नवऱ्याचं म्हणणं, रोज पेपरात गुंतवणुकीच्या बातम्या येतात, पैसा आहे तोवर घ्यावा. सासरे म्हणतात, ज्याला स्वतःच्या धंद्यात नफा नाही तो आपलं भाडं कुठून देणार? मला दोघांचंही पटतं म्हणून विचारते. ही वाढ खरी आहे का? पाच वर्षांनी या कंपन्या असतील का? करार, रहिवाशांना होणारा त्रास, कोपऱ्यावरच्या वाण्याचं काय होतं, सगळ्यावर बोला.

वाकडवासी
वाढ खरी आहे, आमच्या गेटवर येऊन बघा. संध्याकाळी सात ते नऊ रांग लागलेली असते. आम्ही दोघंही हिंजवडीला, घरी पोचेपर्यंत आठ वाजतात. दूध, कोथिंबीर, मुलाच्या शाळेचा चार्टपेपर, सगळं ॲपवरून. ही सवय आता सुटणारी नाही. द्या बिनधास्त.

ओवी_म
वाचतेय. आमच्याकडेही असाच ब्रोकर येऊन गेला.

हिशेबनीस
तुमच्या सासऱ्यांचा प्रश्न सगळ्यात नेमका आहे, म्हणून आकड्यांपासून सुरुवात करतो.

या कंपन्या सरसकट एका पारड्यात घालू नका. ब्लिंकिट म्हणजे पूर्वीची ग्रोफर्स, २०१३ पासूनची. २०२१ च्या शेवटी नाव बदललं आणि २०२२ मध्ये झोमॅटोने ती साधारण ४,४४७ कोटींना घेतली, रोख नव्हे तर शेअर देऊन. बाजाराला सौदा रुचला नव्हता. आयपीओत, म्हणजे शेअरच्या पहिल्या जाहीर विक्रीत, ७६ रुपयांना विकलेला झोमॅटोचा शेअर त्या जुलैत पन्नाशीच्या खाली होता. पुढे काय झालं? एप्रिल-जून २०२५ च्या तिमाहीत ब्लिंकिटवरची विक्री झोमॅटोच्या जेवणाच्या विक्रीच्याही पुढे गेली. जूनअखेर स्टोअर दीड हजारांवर, सप्टेंबरअखेर अठराशेच्या पुढे. त्या काळात समायोजित एबिटाच्या (व्याज, कर, घसारा वजा करण्याआधीच्या हिशेबाच्या) पातळीवर दर तिमाहीला दीडशे कोटींच्या आसपास तोटा होता, ऑक्टोबर-डिसेंबरच्या तिमाहीत धंदा जेमतेम नफ्यात आला.

आता दुसरी बाजू. स्विगीच्या इन्स्टामार्टचा तोच तोटा एप्रिल-जून २०२५ मध्ये ८९६ कोटी होता. एका तिमाहीचा! स्विगीने नोव्हेंबर २०२४ मध्ये ११,३२७ कोटींचा आयपीओ आणला आणि वर्षभरात, डिसेंबर २०२५ मध्ये, संस्थांना शेअर विकून आणखी १०,००० कोटी उभे केले. झेप्टो २०२१ ची. २०२४ मध्ये जून ते नोव्हेंबरात तीन फेऱ्यांत तिने सव्वा अब्ज डॉलरहून जास्त पैसा उभा केला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये आणखी ४५ कोटी डॉलर, ७ अब्ज डॉलरच्या मूल्यांकनावर.

आणि डंझो, असंच घरपोच सामान देणारं ॲप. २०२२ च्या जानेवारीत रिलायन्सने तिच्यात २० कोटी डॉलर घातले होते. २०२५ च्या जानेवारीत ॲप बंद पडलं. पाठीशी बडं नाव आहे एवढ्यावर नऊ वर्षांचा करार करू नये, ते यासाठी.

थोडक्यात, भाडं आज येतंय ते बऱ्याच ठिकाणी विक्रीतून नाही, गुंतवणूकदाराच्या पैशातून येतंय. तो पैसा वाईट नाही, पण त्याला वाट बघायची सवय नसते.

वाकडवासी
@हिशेबनीस, तोटा का होतो तेही सांगा की. नवं स्टोअर उघडलं की पहिले काही महिने तोटाच. दर तिमाहीला शेकडो नवी स्टोअर उघडायची आणि वर नफा का नाही विचारायचं, हे बरोबर नाही. उद्या उघडणं थांबवलं की नफा दिसेल.

रॅक_नंबर_सतरा
मी अशाच एका कंपनीत पुण्यातली काही स्टोअर सांभाळायचो, आता सोडलंय. @वाकडवासी अर्धं बरोबर.

दहा मिनिटांचं गणित रस्त्यावर कमी आणि स्टोअरमध्ये जास्त सुटतं. ऑर्डर पडली की पिकरच्या, म्हणजे रॅकवरून माल गोळा करणाऱ्याच्या, हातातल्या यंत्रावर रॅक आणि खण दिसतो. दूध, ब्रेड, अंडी, केळी दाराजवळ. वजनदार आटा-तेल खालच्या खणात, म्हणजे उचलताना वेळ जात नाही. एकसारखी दिसणारी दोन पाकिटं शेजारी ठेवायची नाहीत, नाहीतर बासमतीऐवजी कोलम जातो. चांगला पिकर दोन मिनिटांच्या आत पिशवी बांधून काउंटरवर ठेवतो. मग दोन किलोमीटरच्या परिघात रायडरला वेड्यासारखी गाडी पळवायची गरज नसते. निदान कागदावर तरी नसते.

पैशाचं म्हणाल तर ब्लिंकिटने जाहीर केलेली सरासरी ऑर्डर साडेसहाशे-सातशेच्या मधली. त्यातला पाचवा हिस्सा कंपनीच्या हातात राहतो असं समजा, म्हणजे सव्वाशे-दीडशे. त्यातून रायडर, पिकर, पिशव्या, वीज, भाडं, नासका भाजीपाला, गोडाऊनमधून स्टोअरला येणारा टेम्पो. भाडं आणि वीज ठरलेली, ऑर्डर शंभर येवोत की दीड हजार. म्हणून ऑर्डरची दाटी हेच सगळं. माझ्या वेळी रोज हजाराच्या खाली असलेलं स्टोअर सहसा पैसे कमवत नसे. कोथरूड-बाणेरसारख्या दाट वस्तीत तो आकडा लवकर गाठला जातो. शहराच्या कडेला महिनोन्महिने जात नाही, आणि मग ते स्टोअर हलवतात किंवा बंद करतात. कंपनी जिवंत, तुमचा गाळा रिकामा. मंजिरीताई, कंपनी बुडेल का यापेक्षा तुमच्या गल्लीतलं स्टोअर टिकेल का, हे आधी बघा.

आणखी एक. नफ्याचा मोठा भाग मालातून येत नाही, जाहिरातीतून येतो. ‘बिस्कीट’ शोधलं की वर जे पाकीट दिसतं, त्याचे ब्रँडने पैसे मोजलेले असतात. ही कमाई वाढेल तसा धंदा सुधारेल.

धनकवडीचा_दुकानदार
इतका वेळ वाचत होतो. वडिलांपासूनचं दुकान आहे, त्यामुळे मी लिहिलंच पाहिजे.

घरपोच सेवा आम्ही कायम दिली. फोनवर यादी घ्यायची, पोरगा सायकलवर पिशव्या घेऊन जायचा, पैसे महिन्याच्या शेवटी वहीवर. ज्यांची नोकरी लॉकडाऊनमध्ये गेली त्यांची खाती मी कित्येक महिने ओढली. त्यामुळे आम्ही आळशी होतो म्हणून गिऱ्हाईक गेलं, असं कोणी म्हणू नये.

दुखणं वेगळं आहे. बिस्किटाचा बॉक्स डिस्ट्रिब्युटर मला ज्या भावाने देतो, त्याच्याही खाली तेच पुडे ॲपवर दिसतात. माझ्या मुलाने मला मोबाइल दाखवला, म्हणाला, बाबा, आपण इथूनच भरू या का माल? मी काय उत्तर देणार? मी मार्केट यार्डातल्या भुसार बाजारातून स्वतः गोणी निवडून आणतो, रोखीने. माझ्या मागे कोणी फंड नाही. तोटा झाला तर त्या महिन्यात घरखर्चाला कात्री.

अखिल भारतीय वितरक महासंघाने २०२४ च्या ऑक्टोबरात स्पर्धा आयोगाकडे हीच तक्रार नेली, की खर्चाच्या खाली भाव लावून दुकानदाराला बाजारातून उठवलं जातंय. स्पर्धा करायला आमची ना नाही. पण भाव मालावर ठरावा, कोणाच्या खिशात किती दिवसांचा तोटा सोसायची ताकद आहे यावर नको.

माझ्याकडे आज काय टिकलंय तेही सांगतो. सुटं धान्य, निवडलेली डाळ, पूजेचं साहित्य, दिवाळीचा फराळाचा किराणा, आणि शेजारी गिरणी असल्यामुळे दळणाचे गहू. गेलंय ते साबण, शाम्पू, चिप्स, थंड पेयं. म्हणजे ज्यावर दुकानाचं वीजबिल निघायचं ते गेलं.

ओवी_म
@धनकवडीचा_दुकानदार, मनापासून लिहिलंत. लॉकडाऊनमध्ये आमच्या आईला दुकानदारानेच घरी औषधंसुद्धा आणून दिली होती. माझ्याकडून एक नियम: महिन्याचा किराणा वाण्याकडूनच.

सहकारनगरचे_आजोबा
थोडं अवांतर, पण संबंध आहे.

पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली. पाठोपाठ १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली, तिची वितरण व्यवस्था अजून चालते. शेजारच्या घरांचा संघ करायचा, महिन्याची यादी आधी द्यायची, सगळ्यांचा माल एकत्र घाऊक दरात घ्यायचा, ठरलेल्या दिवशी एका घरी टेम्पो येणार आणि सभासदांनी आपापसात वाटून घ्यायचं. टिळक रस्त्यावरची ग्राहक पेठ याच विचारातून आली. यात दलाली वाचायची, कारण गिऱ्हाईक थांबायला तयार होतं आणि काम स्वतः करत होतं. आताचं गिऱ्हाईक थांबायला तयार नाही, म्हणून त्याच्या वाटचं थांबणं दुसऱ्या कोणाला करावं लागतं. स्टोअरबाहेर उन्हात बाइकवर बसलेली पोरं ऑर्डरची वाटच बघत असतात ना?

वाकडवासी
आजोबा, मुद्दा मान्य. पण महिन्याची यादी करायला घरात कोणीतरी लागायचं, आणि ते कोणीतरी बहुतेक घरातली बाईच असायची. ते कामही मोजा.

सहकारनगरचे_आजोबा
मोजतो. आमच्या संघाचं सगळं काम आमच्या सौ. आणि शेजारच्या वहिनी करायच्या. तुमचं बरोबर आहे.

दुचाकी_२४तास
मी चालवतो. बाणेर-बालेवाडी पट्टा.

बाहेर बसलेल्या पोरांबद्दल कोणीतरी लिहिलं म्हणून बरं वाटलं. आम्हाला वाट बघण्याचे पैसे नाहीत, ऑर्डरचे आहेत. नवं स्टोअर उघडतं तेव्हा इन्सेन्टिव्ह चांगला असतो. चार महिन्यांत भागात पोरं वाढली की दर ऑर्डरमागे कमी होतात. कंपनीची वाढ आणि आमची कमाई एकाच दिशेने जात नाहीत. पावसात बाणेरच्या चढावर गाडी घसरली तर दुरुस्ती आपली, त्या दिवसाची कमाईही गेली.

नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाल्या. त्यात कंपन्यांनी उलाढालीचा एक ते दोन टक्के हिस्सा आमच्या सामाजिक सुरक्षेसाठी द्यायचाय, आम्हाला दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांच्या मर्यादेत. ३१ डिसेंबरला देशभर संप झाला, आणि जानेवारीत सरकारने सांगितल्यावर कंपन्यांनी दहा मिनिटांची जाहिरात मागे घ्यायला सुरुवात केली. जाहिरात गेली हे चांगलं. लिफ्ट वापरू न देणाऱ्या सोसायट्यांचं पण कोणीतरी बघा. पाण्याची कॅन घेऊन सातवा मजला चढून दाखवा.

मंजिरी_पौडरोड
@दुचाकी_२४तास, तुमचं वाचून एक गोष्ट पक्की केली. गाळा दिला तर मुलांसाठी पाणी, सावली आणि मागचं स्वच्छतागृह वापरण्याची मुभा, हे करारात लिहूनच घेणार.

दुचाकी_२४तास
ताई, हे कोणी विचारत नाही. धन्यवाद. स्वच्छतागृहाचं खरंच लिहा.

निर्मला_डहाणूकर
मंजिरी, आमच्या इमारतीच्या खाली असंच एक स्टोअर आहे, कुठल्या कंपनीचं ते सोडा. पहाटे साडेचारला दुधाचा टेम्पो, रिव्हर्सचा आवाज, क्रेट आपटणं. फ्रीजरच्या कॉम्प्रेसरची घरघर पहिल्या मजल्यावरच्या बेडरूममध्ये रात्रभर. बाइक फुटपाथवर. तक्रार केली की मॅनेजर गोड बोलतो, आणि थोड्याच दिवसांत मॅनेजर बदलतो. मुलं मात्र सगळी चांगली, माझी पिशवी जिन्यापर्यंत आणून देतात. तुम्ही वर राहणाऱ्यांशी आधी बोला. भाडं तुमच्या घरी, झोपमोड त्यांच्या.

केळकर_प्र
आणि परवाने तपासा. जून २०२५ मध्ये अन्न व औषध प्रशासनाने धारावीतल्या एका डार्क स्टोअरचा परवाना निलंबित केला. अन्नावर बुरशी, साचलेलं पाणी, शीतगृहाचं तापमान पाळलेलं नाही, मुदत संपलेला माल वेगळा काढलेला नाही, असं तपासणीत निघालं. त्याच महिन्यात आपल्या बालेवाडीतल्या एका स्टोअरचं काम परवाना नाही म्हणून थांबवलं. तुमच्या जागेत असं झालं तर करार चालू, स्टोअर बंद, आणि भाड्यावरून वाद.

युरोपात_होतो
परदेशाचं उदाहरण देतो. बर्लिनमध्ये असताना गोरिलाज, गेटिर या तिथल्या झटपट किराणा देणाऱ्या कंपन्यांची जॅकेटं प्रत्येक चौकात दिसायची. गेटिरचं मूल्यांकन २०२२ मध्ये १२ अब्ज डॉलरच्या जवळ होतं, पुढच्या वर्षी अडीच अब्जांवर आलं. आधी तिने गोरिलाज विकत घेतली आणि एप्रिल २०२४ मध्ये जर्मनी, ब्रिटन, अमेरिका सगळं सोडून तुर्कस्तानात परत गेली. व्याजदर वाढले, स्वस्त पैसा आटला आणि खेळ संपला. रस्त्याला लागलेले गाळे मी पाहिलेत, काचांना आतून कागद चिकटवलेला.

रॅक_नंबर_सतरा
फरक आहे. तिथे रायडरचा तासाचा पगार आणि सुपरमार्केट चार पावलांवर. इथे वस्ती दाट, मजुरी कमी आणि घरात साठवायला जागा लहान. म्हणून इथे गणित बसू शकतं. पण मजुरी कमी आहे हे त्यातलं एक कारण आहे, हे विसरून चालणार नाही. @दुचाकी_२४तास या भावाने जे लिहिलंय ते त्या गणिताचाच भाग आहे.

एसआयपी_वाली
यात आपण सगळे आधीच गुंतवणूकदार आहोत, हे किती जणांना माहीत आहे? झोमॅटो २३ डिसेंबर २०२४ ला सेन्सेक्समध्ये आली, मार्च २०२५ मध्ये निफ्टी ५० मध्ये. ज्याचा इंडेक्स फंड (निर्देशांकातले सगळे शेअर घेणारा फंड) आहे त्याचे पैसे तिथे आहेत. भविष्यनिर्वाह निधीही या निर्देशांकांच्या ईटीएफमध्ये, म्हणजे बाजारात शेअरसारख्या विकल्या जाणाऱ्या तशाच फंडांत, पैसे घालतो. म्हणजे धनकवडीच्या दुकानासमोरच्या पगारदाराचा पीएफसुद्धा थोडा तिथे आहे.

आणि डीमार्ट बघा. २०२४ च्या ऑक्टोबरात त्यांनीच सांगितलं की महानगरांतल्या मोठ्या स्टोअरवर ऑनलाइन किराण्याचा परिणाम जाणवतोय, आणि शेअर एका दिवसात जोरात पडला. तेव्हा फक्त वाण्याचाच धंदा गेला असं नाही.

धनकवडीचा_दुकानदार
डीमार्ट आलं तेव्हाही आम्हाला संपलात म्हणाले होते. आम्ही आहोत.

वाकडवासी
काका, पत्ता टाका. दिवाळीचा किराणा तुमच्याकडून. वाकडहून येतो.

धनकवडीचा_दुकानदार
या, चहा पाजतो. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

ॲड_सदाशिव
मूळ प्रश्नावर येतो. मंजिरीताई, कंपनी टिकेल का हे आपल्या हातात नाही. करार आहे. मसुदा मी पाहिलेला नाही, पण तुम्ही सांगितलंत त्यावरून काही गोष्टी लगेच तपासा.

पहिलं, सही कोण करणार? पुष्कळ ठिकाणी ॲपची कंपनी जागा घेतच नाही, स्टोअर चालवणारी तिसरीच छोटी कंपनी घेते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ३ प्रमाणे एक कोटी किंवा जास्त भरणा झालेलं भागभांडवल असलेल्या कंपनीला दिलेल्या जागेला तो कायदा लागू होत नाही. भाडेकरू लहान कंपनी निघाली तर ही सूट मिळणार नाही, आणि जागा परत मिळवणं अवघड होऊ शकतं. कंपनीचं भांडवल केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर बघता येतं. ब्रोकरच्या तोंडावर जाऊ नका.

दुसरं, नऊ वर्षं कशाला? लीव्ह अँड लायसन्स (जागा फक्त वापरायला देण्याचा करार) ६० महिन्यांपर्यंत असेल तर मुद्रांक ०.२५ टक्के. त्यापुढे गेलं की लीजच्या दराने. पाच वर्षांचा करा. कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी जागामालकाची.

तिसरं, लॉक-इन दोन्ही बाजूंना सारखं मागा. निदान त्यांच्यावर तीन वर्षं. तेवढं देत नसतील तर डिपॉझिट वाढवा, आणि रॅक-फ्रीजर काढून जागा मूळ स्थितीत देण्याचा खर्च त्यातून कापण्याचं कलम घाला. पहाटेचा माल उतरवण्याची वेळ, बाइकची जागा, परवान्यांची जबाबदारी आणि परवाना निलंबित झाला तरी भाडं चालू, हे सगळं त्यातच.

कर विसरू नका. तुम्ही जीएसटीत नोंदणीकृत नसाल तर १० ऑक्टोबर २०२४ पासून व्यावसायिक भाड्यावरचा जीएसटी नोंदणीकृत भाडेकरूने भरायचा. महिना ५० हजारांवर भाडं असेल तर ते १० टक्के टीडीएस कापतील.

हिशेबनीस
वकीलसाहेबांना पूर्ण अनुमोदन. मसुद्यात भाडं ‘ऑर्डरच्या टक्केवारीने’ असं काही असेल तर नकार द्या. ठरलेलं भाडं आणि दरवर्षीची वाढ. त्यांच्या वाढीचा धोका आपण कशाला घ्यायचा? तो घ्यायला फंडवाले बसलेत.

मंजिरी_पौडरोड
सगळ्यांचे आभार. सासऱ्यांना पूर्ण धागा वाचून दाखवला. धनकवडीच्या काकांचं वाचताना त्यांनी दोनदा थांबवलं. ब्रोकरला कळवलंय: पाच वर्षं, दोघांना तीन वर्षांचं लॉक-इन, सही ॲपच्या मूळ कंपनीची, पहाटे सहाच्या आधी माल नाही. रविवारी वरच्या तिन्ही मजल्यांशी बैठक आहे. तोपर्यंत कुठलाही आगाऊ धनादेश घेणार नाही. एकच शंका राहिली: वीजभार आमच्या नावावर वाढवायचा की त्यांच्या?

निर्मला_डहाणूकर
आमच्या शेजारच्या इमारतीत मालकाने स्वतःच्या नावावर वाढवला होता. तिथलं स्टोअर हललं, आणि स्थिर आकार (वीज वापरा-न वापरा, भरावा लागतो तो) त्यांना भरत बसावा लागला.

ॲड_सदाशिव
मीटर मालकाच्या नावावर असतो तेव्हा वाढीव भाराची सुरक्षा ठेव आणि दरमहा स्थिर आकार मालकाच्याच गळ्यात येतो. दोन्ही भाडेकरूने भरायचं, आणि जाताना भार कमी करून घेण्याचा अर्ज त्याच्या खर्चाने, तो मंजूर होईपर्यंतचा आकार डिपॉझिटमधून. महावितरणच्या कोथरूड कार्यालयात आधी विचारून घ्या की तुमच्या ट्रान्सफॉर्मरवर तेवढा भार मिळतो का. नसेल मिळत तर नव्या ट्रान्सफॉर्मरचा खर्च कोणाचा, तेही आत्ताच लिहून घ्या.